पुणे विद्यापीठात नव्याने येताय? आवारातलं रोजचं जगणं, सुरुवातीपासून

पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या आवारात एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.ला येणारी पुष्कळ मुलं-मुली तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कॉलेजातून आलेली असतात. तिकडे नोटीस वर्गावर फिरते, शिपाईमामा येऊन फॉर्मची शेवटची तारीख सांगतात, एखादे सर तर थेट घरी फोन करतात. इथे यातलं काही होत नाही. नोटीस बोर्डावर लागते, वेबसाइटवर पडते आणि तारीख उलटली की विषय संपतो. यात कुणाचा आकस नसतो, पण पहिल्या सत्रात हुशार मुलंही याच गोष्टीमुळे मागे पडतात. अभ्यास जमत नाही म्हणून कमी आणि कुठे, कुणाला, कधी विचारायचं हे कळत नाही म्हणून जास्त. विचारायची सवय आधी लावून घ्यावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

घरून निघण्याआधी

कागदपत्रांची फाइल गावीच पूर्ण करा. इथे आल्यावर एका दाखल्यासाठी परत जायचं म्हणजे जाण्या-येण्याचा खर्च आणि दोन-तीन दिवसांची लेक्चर्स दोन्ही जातं. दहावी, बारावी आणि पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, मूळ शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास, तहसीलदारांकडचा उत्पन्नाचा दाखला, आणि मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट एवढं सगळं हवं. प्रत्येकाच्या चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा आणि सगळं स्कॅन करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून द्या.

पदवी दुसऱ्या विद्यापीठाची असेल, म्हणजे कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, जळगाव, अमरावती किंवा नागपूरकडून येत असाल, तर मायग्रेशन सर्टिफिकेटचा, म्हणजे विद्यापीठ बदलण्याच्या दाखल्याचा, अर्ज निकाल लागताच करा. प्रवेशाच्या वेळी ते नसलं तर मुदत मिळते, पण पात्रतेचं काम त्यावर अडून राहतं आणि पुढे परीक्षेचा फॉर्म भरताना तोंडाला फेस येतो.

आणखी दोन गोष्टी मोबाइलवरच होतात. एक, डिजिलॉकरमधून अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे तुमची क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा, आयडी काढणे. नाव आधारवर आणि गुणपत्रिकेवर एकसारखं आहे का, ते तेव्हाच तपासा. दुसरी, बँक खात्याला आधार 'सीड' झालेलं, म्हणजे जोडलेलं, आहे का ते आधारच्या वेबसाइटवर बघणे. शिष्यवृत्तीचे पैसे फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यावर जातीलच असं नाही. ते आधारला जोडलेल्या खात्यावर जातात. ते खातं आठवीत असताना उघडलेलं आणि आता बंद पडलेलं असेल, तर पैसे अडकतात. दरवर्षी कितीतरी जणांचं हेच होतं.

आवार पायाखाली घाला

गणेशखिंडीतलं हे आवार चारशेहून अधिक एकरांचं आहे. मुख्य गेटपासून आतल्या काही विभागांपर्यंत चालत वीस-पंचवीस मिनिटं सहज लागतात. पहिल्या आठवड्यात एक अख्खी सकाळ फिरण्यासाठी काढा. आपला विभाग, परीक्षा विभाग, जयकर ग्रंथालय, आरोग्य केंद्र, विद्यार्थी विकास मंडळ, रिफेक्टरी (भोजनगृह), अनिकेत कॅन्टीन, बँक आणि झेरॉक्सची दुकानं डोळ्यांखालून घाला. खडकीच्या बाजूने आत यायचा रस्ताही बघून ठेवा. बोपोडी-खडकीत राहणाऱ्यांचा मोठा वळसा वाचतो. जुनी सायकल मिळाली तर जरूर घ्या. आवारात तिच्याइतकं सोयीचं वाहन नाही.

मुख्य इमारत मुंबईच्या गव्हर्नरचं पावसाळी निवासस्थान होती. २२ जून १८९७च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी इथेच होती, आणि इथून परतताना प्लेग अधिकारी रँडवर गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी गोळी झाडली. विद्यापीठ १९४९ साली सुरू झालं, बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. २०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव दिलं गेलं. आपण रोज कुठून चालतो, ते माहीत असलेलं बरं.

गावाहून येताना कुठे उतरायचं तेही सांगतो. शिवाजीनगरचं एसटी स्टँड मेट्रोच्या कामामुळे २०१९ अखेरीस वाकडेवाडीला हललं. नाशिक, मराठवाडा, विदर्भाकडच्या बऱ्याच गाड्या तिथे येतात. सातारा, कोल्हापूर, सांगली, सोलापूरवाल्यांचं स्टँड स्वारगेट. रेल्वेने येणाऱ्यांना शिवाजीनगर किंवा खडकी स्टेशन जवळ पडतं, पण लांब पल्ल्याच्या सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. संध्याकाळी विद्यापीठ चौकात वाहतूक हमखास तुंबते. गाडी पकडायची असेल तर तासभर आधी निघा.

राहण्याची सोय

वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाबरोबर आपोआप होत नाही, तो वेगळा भरावा लागतो. यादी गुणवत्ता आणि आरक्षणानुसार लागते, आणि नाव लागल्यावर पैसे भरायची मुदत थोडी असते. यादीची तारीख विभागाच्या ऑफिसात विचारा, वेबसाइट रोज उघडा. पहिल्या यादीत नाव नसेल तर दुसरीची वाट बघा. प्रवेश रद्द करणाऱ्यांच्या जागा सुटत राहतात.

ज्यांना खोली मिळत नाही त्यातले काही जण मित्राच्या खोलीत गुपचूप राहतात. वसतिगृहात त्यांना 'पॅरासाइट' म्हणतात. मुलं गरजेपोटी राहतात हे मला माहीत आहे, आणि त्यांना नावं ठेवणं मला पटत नाही. पण तपासणी झाली तर दंड होतो आणि ज्याने आसरा दिला त्याची हक्काची खोली जाऊ शकते. आठवडाभराची अडचण असेल तर रेक्टरना भेटून गेस्ट म्हणून राहता येईल का, ते उघड विचारा.

बाहेर राहायचं तर खडकी, बोपोडी, गोखलेनगर, सांगवी, पाषाण हे भाग बघा. औंध जवळ आहे, पण महाग. बहुतेक मुलं कॉट बेसिसवर राहतात, म्हणजे एका खोलीत तीन-चार कॉट आणि आपलं भाडं आपल्या कॉटपुरतं. पैसे देण्याआधी हे प्रश्न विचाराच: डिपॉझिट किती आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचं, वीजबिल भाड्यात धरलं आहे की वेगळं, पाणी किती वेळ येतं, रात्री गेट किती वाजता बंद होतं. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी बंधनकारक आहे. कॉट बेसिसवाले मालक ती टाळतात, तेव्हा निदान डिपॉझिटची सही असलेली पावती घ्या. खोली बघायला एकदा रात्री जा. दिवसा शांत वाटणारी गल्ली रात्री कशी असते, हे मुलींनी तर नक्की बघावं. आणि फोटो बघून, न भेटता, मोबाइलवरून कुणालाही टोकन पाठवू नका.

मेस

आवारात रिफेक्टरी आहे, बाहेर गल्लोगल्ली खाणावळी आहेत. मेस लावण्याआधी तीन-चार दिवस एकेका वेळचे पैसे देऊन जेवून बघा. महिन्याचे पैसे आगाऊ घेतात, त्यामुळे खाड्याचा हिशेब आधी विचारा. सलग किती दिवस नसलं तर खाडा धरतात, आदल्या दिवशी सांगावं लागतं का, याचे नियम प्रत्येक मेसचे वेगळे. बहुतेक ठिकाणी रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रात्री मेस बंद. रविवारच्या रात्रीची सोय करून ठेवली नाही की वडापाववर भागवावं लागतं, आणि महिन्यातले चार-पाच रविवार असे गेले की खर्च आणि पोट दोन्ही बिघडतं. घरून चटणी, शेंगदाणे, चिवडा आणा.

पैसे वाचवायचे म्हणून एकाच वेळची मेस लावणारे बरेच आहेत. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी जेवण, रात्री काहीतरी. कृपा करून असं करू नका. दिवाळीपर्यंत अंगातली ताकद जाते आणि दवाखान्याचं बिल मेसपेक्षा जास्त होतं. खरोखर अडचण असेल तर विभागातल्या एखाद्या शिक्षकांना सांगा. जेवणासाठी मदत मागितली म्हणून कुणी कमी लेखत नाही, आणि मदतीच्या योजना असतात.

अर्ज कसा करायचा

विद्यापीठात तोंडी सांगितलेलं टिकत नाही. बोनाफाईड हवं, नावात दुरुस्ती हवी, फी हप्त्याने भरायची आहे, वर्गाची वेळ दुसऱ्या विषयाशी आदळते आहे, तर अर्ज लिहा. तो कसा असतो, ते एकदा नीट बघा:

दिनांक :
प्रति,
मा. विभागप्रमुख,
(विभागाचे नाव),
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, पुणे – ४११००७

विषय : बोनाफाईड प्रमाणपत्र मिळणेबाबत.

महोदय / महोदया,
मी आपल्या विभागात एम.ए. प्रथम वर्ष, सत्र पहिले या वर्गात शिकत असून माझा पीआरएन ……… हा आहे. पीएमपीच्या विद्यार्थी पाससाठी मला बोनाफाईड प्रमाणपत्राची आवश्यकता आहे. तरी ते मिळावे, ही विनंती.
सोबत : ओळखपत्र व शुल्क पावतीची प्रत.

आपला / आपली विश्वासू,
(सही, पूर्ण नाव, मोबाइल क्रमांक)

एवढंच. पीआरएन म्हणजे तुमचा कायमचा नोंदणी क्रमांक, पीएमपी म्हणजे शहराची बससेवा. घरची परिस्थिती, विनवण्या, पान भरून मजकूर नको. विषय एका ओळीत, मागणी एका वाक्यात, आणि एका अर्जात एकच काम. दोन कामं असतील तर दोन अर्ज, कारण ते दोन वेगळ्या टेबलांवर जातात.

आता महत्त्वाचं. अर्जाच्या दोन प्रती घ्या. एक ऑफिसात द्या आणि दुसरीवर पोच घ्या, म्हणजे शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक. "राहू द्या, करतो मी" असं कुणी म्हटलं तरी हसतमुखाने म्हणा, "मॅडम, माझ्याकडे नोंद राहावी म्हणून शिक्का द्याल का?" पोच असलेली प्रत हातात असली की पुढच्या वेळी "तुमचा अर्ज मिळालाच नाही" हे उत्तर येत नाही. आठवड्याने जाऊन "माझं काम झालं का" असं विचारू नका. "आवक क्रमांक अमुक, फाइल आता कोणत्या टेबलावर आहे?" असं विचारा. या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळतं आणि तुम्ही त्या टेबलापर्यंत जाऊ शकता.

दुपारच्या सुट्टीत आणि ऑफिस बंद व्हायच्या तोंडावर जाऊ नका, सकाळी जा. क्लार्कना साहेब किंवा मॅडम म्हणा, शिपाईमामांशी दोन शब्द बोला, वॉचमनकाकांना ओळख द्या. सही करणारे साहेब आज आहेत की मीटिंगला गेलेत, हे मामांनाच सगळ्यात आधी माहीत असतं. कुणी चिडून बोललं तर तिथे वाद घालू नका, दुसऱ्या दिवशी परत जा. प्रवेशाच्या दिवसांत त्या खिडकीवर सकाळपासून रांग असते, माणूस थकतो. पण काम विनाकारण अडवलं जात असेल तर गप्पही बसू नका. विभागप्रमुखांना लेखी द्या, तिथे नाही झालं तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. आणि माहितीच्या अधिकारात अर्ज केला तर ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

क्रेडिट, हजेरी, इंटर्नल

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला एकूण ८८ क्रेडिट आहेत, म्हणजे सत्राला २२. एका क्रेडिटला साधारण पंधरा तास शिकवणी, त्यामुळे चार क्रेडिटचा विषय म्हणजे साठ तास. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचा विषय असतो, दुसऱ्यात ऑन जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रप्रकल्प, तिसऱ्या-चौथ्यात संशोधन प्रकल्प. ट्रेनिंगची जागा बहुतेक वेळा आपणच शोधायची असते. तिचा शोध दिवाळीच्या सुट्टीत सुरू करा. जानेवारीत सगळा वर्ग एकाच वेळी त्याच चार संस्थांना ईमेल करत असतो.

पहिल्या वर्षानंतर काही कारणाने शिक्षण थांबवावं लागलं तर ठरलेली क्रेडिट पूर्ण करून पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. घरची अडचण आली म्हणून न सांगता गायब होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

गुणांचा मोठा हिस्सा, बऱ्याच विभागांत निम्मा, अंतर्गत मूल्यमापनाचा असतो. चाचणी, सेमिनार, निबंध, सादरीकरण यांवर ते गुण मिळतात. बी.ए.ला शेवटच्या महिन्यात गाइड वाचून जमलं तसं इथे जमत नाही. प्रत्येक विषयाच्या पहिल्या लेक्चरला तीन गोष्टी विचारून वहीत लिहा: इंटर्नल किती भागांत, कोणत्या महिन्यात, आणि चाचणी चुकली तर पुन्हा मिळते का. पास होण्याचा नियम तोंडी ऐकू नका, छापील मिळवा. ७५ टक्के हजेरीचा नियम आहे आणि काही विभाग तो काटेकोर पाळतात. आजारपणात रजा झाली तर डॉक्टरांचा कागद त्याच आठवड्यात ऑफिसात द्या.

निबंध इंटरनेटवरून किंवा एआयकडून उचलून देऊ नका. शिक्षकांच्या ते लगेच लक्षात येतं, आणि त्याहून वाईट म्हणजे दोन वर्षांनी तुम्हाला स्वतःचं एक पानही लिहिता येत नाही.

सेट-नेट, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षा, द्यायचा विचार असेल तर आत्ताच एक आकडा लक्षात ठेवा. पदव्युत्तर पदवीला खुल्या गटात ५५ टक्के आणि राखीव गटांत ५० टक्के गुण लागतात. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा हेच विद्यापीठ घेतं. निकालात गुण अनपेक्षित कमी आले तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो, पण निकालानंतर ठरावीक दिवसांतच.

पैशांची सोय

महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल, उघडलं की फॉर्म पहिल्या पंधरवड्यात भरा. भरला म्हणजे झालं असं नाही. तो आधी विभागाच्या लॉगिनला जातो, तिथून पुढे. त्रुटी निघाली तर तुमच्याकडे परत येतो आणि ते फक्त पोर्टलवर दिसतं. म्हणून आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्थिती बघा. शिष्यवृत्तीशिवाय राहण्या-जेवणासाठीच्या वेगळ्या योजना आहेत: अनुसूचित जातींसाठी स्वाधार, जमातींसाठी स्वयम्, इतर मागासवर्गीयांसाठी आधार, आणि उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्या काही अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली असेल तर यांतल्या काही मिळत नाहीत, अटी वाचून घ्या.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची 'कमवा व शिका' योजना विद्यार्थी विकास मंडळामार्फत चालते. विभाग, ग्रंथालय, कार्यालयं, बाग अशा ठिकाणी लेक्चरच्या वेळा सांभाळून रोज थोडे तास काम, आणि तासाप्रमाणे मानधन. फार मोठी रक्कम नसते, मेसचा बराचसा भार मात्र उचलते. मला या योजनेबद्दल मनापासून आदर आहे. ऑफिसात काम करणाऱ्या मुलांना विद्यापीठ आतून कळतं आणि ती भीड सुटलेली मुलं पुढे कुठेही अडत नाहीत. अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच करा.

ग्रंथालय आणि आवाराबाहेरची दारं

जयकर ग्रंथालयाचं कार्ड पहिल्या आठवड्यात काढा. वाचनकक्षात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांची गर्दी असते, त्यामुळे जागा हवी तर सकाळी लवकर जा. पण ग्रंथालय बसायच्या जागेपुरतं वापरू नका. ऑनलाइन सूचीत पुस्तक शोधायला शिका, सापडलं नाही तर ग्रंथपालांना विचारा. विद्यापीठाने वर्गणी भरलेली नियतकालिकं खोलीतून वाचण्यासाठीचा लॉगिन मागून घ्या. जुने पीएच.डी. प्रबंध 'शोधगंगा'वर फुकट वाचता येतात.

इतिहास, संस्कृत, भाषा, अर्थशास्त्राच्या मुलांनी भांडारकर संस्था, डेक्कन कॉलेज आणि गोखले इन्स्टिट्यूटची ग्रंथालयं बघायलाच हवीत. त्यासाठी विभागप्रमुखांचं पत्र घेऊन जा. आवारातच आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी आखलेली वास्तू आहे ती, आणि २८ फेब्रुवारीला विज्ञानदिनी सगळ्यांना खुली असते. ललित कला केंद्रात मुलांची नाटकं, गाणं, नृत्य होत राहतं. जर्मन, फ्रेंच, जपानी शिकायची असेल तर परकीय भाषा विभागाचे वर्ग फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये भरतात. प्रवेश लवकर भरतात, जूनपासून लक्ष ठेवा.

इंग्रजीची भीती

मराठी माध्यमातून आलेली मुलं पहिले दोन महिने वर्गात तोंड उघडत नाहीत. शंका मराठीत विचारा. बहुतेक शिक्षक मराठीतच समजावतात, आणि कला व सामाजिक शास्त्रांच्या काही विषयांची उत्तरपत्रिकाही मराठीत लिहिता येते. आपल्या विभागात तशी मुभा आहे का, ते विचारा. वाचनाला मात्र इंग्रजीशिवाय गत्यंतर नाही. रोज दोनच पानं, पण नेमाने वाचा. भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश इंटरनेटवर आहेत. विषयातल्या संज्ञा त्यात बघा आणि स्वतःची वही करा. दोघा-तिघांनी मिळून एक लेख वाचायचा आणि मराठीत एकमेकांना समजावून सांगायचा, याचा उपयोग सगळ्यात जास्त होतो.

त्रास झाला तर

रॅगिंग हा महाराष्ट्रात १९९९च्या कायद्याने गुन्हा आहे. ओळखपरेडच्या नावाखाली नाचायला लावणं, जात विचारून टोमणे मारणं, रात्री खोलीत बोलावणं, सीनियरची कामं करून घेणं यातलं काही झालं तर ते सहन करायचं नाही. १८००-१८०-५५२२ या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही तक्रार करता येते. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे लेखी करायची असते, साधारण घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. मेसेज, कॉलची नोंद पुसू नका. तक्रार शिक्षकाविरुद्ध असली तरी समितीला ती घ्यावीच लागते.

आणि मन लागत नसेल, झोप उडाली असेल, घरी सांगवत नसेल, तर ते अंगावर काढू नका. गणपती आटोपून परत आल्यावर आणि पहिल्या निकालानंतर असं पुष्कळांना होतं. रूममेटशी बोला, विश्वासाच्या शिक्षकांना भेटा, आरोग्य केंद्रात जाऊन समुपदेशनाची चौकशी करा. रूममेट मेसला यायचा बंद झाला, लेक्चर बुडवायला लागला तर तुम्ही होऊन विचारा, त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक आहे. चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.